कुंपणावरची पलटण

"हा हिरवा नव्हे. हा पोपटी झाला," आप्पांनी फाटकाकडे एक नजर टाकून जाहीर केलं आणि शिडीवरच्या पोराचा ब्रश हवेतच थांबला.

मेंदीच्या कुंपणापलीकडून माई मला म्हणाल्या, "बघितलंत ना बाई? हा तिसरा डबा. ह्यांना फाटक रंगवायचं नाहीये, फाटकाला फौजेत भरती करायचंय."

भिंगारमध्ये घर घेतलं की हे आलंच. एका अंगाला कॅन्टोन्मेंट, दुसऱ्या अंगाला निवृत्त फौजींच्या वसाहती. माणसं नोकरीतून सुटतात, नगरमधून सुटत नाहीत. आता नाव अहिल्यानगर झालं तरी गप्पांमध्ये नगरच. आप्पा रिसालदार म्हणून निवृत्त झाले. रणगाडेवाल्यांचे घोडे जाऊन ऐंशी वर्षं उलटली, पण हुद्दे अजून खोगिरावरचेच: सवार, दफेदार, रिसालदार. खुद्द आप्पांनी घोड्यावर मांड टाकली ती फक्त स्वतःच्या वरातीत, आणि तेव्हाही दोन माणसांनी घोडं घट्ट धरलं होतं, असं माई सांगतात. आप्पा याला दुजोरा देत नाहीत.

"मंग कुठला हिरवा पाहिजे, ते तरी सांगा," पोरगा वरून म्हणाला.

"ऑलिव्ह ग्रीन. मिलिटरीचा."

मी वाळत घातलेले पापड उलटत होते. अकोले तालुक्यातलं राजूर माझं माहेर, त्यामुळे हिरव्या रंगाचा विषय निघाला की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. म्हटलं, "आप्पा, ऑलिव्ह ग्रीन परवाचा. आपल्या जिल्ह्याचा स्वतःचा एक लष्करी हिरवा होऊन गेला. गडद. १८५७ सालचा, आमच्या अकोल्याकडचा."

"अकोल्यात कुठला आलाय रिसाला?"

"रिसाला नव्हे. पायदळ. कोळी पलटण."

"पायदळ होय," आप्पा म्हणाले. त्यात तिरस्कार नव्हता, फार तर थोडी कीव होती. घोडेस्वाराच्या नातवानं पायी चालणाऱ्याकडे बघावं, तसे ते सगळ्या पायदळाकडे बघतात.

मग त्यांचा नेहमीचा पाठ सुरू झाला, आणि तो चांगला असतो म्हणून मी मधे बोलले नाही. आप्पांच्या लेखी इतिहास म्हणजे पूना हॉर्स. ते स्वतः त्या रेजिमेंटचे नव्हेत, पण नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरवर काढलेली वर्षं अशी मुरली आहेत की सगळ्याच रेजिमेंटा त्यांना घरच्या वाटतात. जून १८१७ मध्ये पुण्याचा तह झाला. दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांनी चौतीस लाखांचा मुलूख तोडून घेतला, तो कशापोटी, तर ५,००० घोडेस्वार आणि ३,००० पायदळाच्या खर्चापोटी. त्यातून पूना ऑक्झिलरी हॉर्स उभी राहिली.

"म्हणजे बघा," आप्पा कुंपणावर रेलले, "मुलूख पेशव्याचा, घोडा शिलेदाराचा, हुकूम साहेबाचा. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगावात तीच हॉर्स पेशव्याच्या फौजेसमोर उभी!"

"याला शहाणपणाचा व्यवहार म्हणतात," माई म्हणाल्या. "आमच्या जाऊबाईंनी असंच केलं. माझ्याच पैशानं आणलेला मिक्सर मलाच दाखवायला आणला होता."

"पण टिकली की नाही?" आप्पांनी मिक्सरकडे लक्ष दिलं नाही. "दोनशे वर्षं होऊन गेली. घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ ला फिलोऱ्याला तारापोरसाहेब, १९७१ ला बसंतरला अरुण खेत्रपाल. दोन परमवीर चक्रं एका रेजिमेंटला. रेजिमेंट म्हणजे टिकणं. बाकी येतात नि जातात."

येतात नि जातात त्यांची यादीही त्यांच्यापाशी असते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला घोडदळ कमी पडायला लागलं, तेव्हा १९१८ मध्ये चाळीसपासून शेहेचाळीसपर्यंत नंबर देऊन नवे रिसाले उभे केले. लढाई संपली, रिसाले मोडले. पुढे १९२१ मध्ये तर जुन्या एकोणचाळीस रेजिमेंटा जोडून-जोडून एकवीस केल्या आणि शिलेदारीची पद्धतच बंद केली. आपला घोडा आपण आणायचा, त्याचं दाणावैरण आपण बघायचं आणि सरकारनं एकरकमी पगार द्यायचा, ही ती पद्धत. मोठ्या युद्धात घोडे मरायला लागले तेव्हा नवे आणायचे कुणी, हा हिशेब तिला झेपला नाही.

"त्या शेहेचाळीसाव्या रिसाल्याचा फेटा कुठल्या रंगाचा होता, हे आज कुणी विचारतं का?" आप्पा म्हणाले. "नाही विचारत. वर्षाच्या रेजिमेंटची वर्दी म्हणजे भाड्याची शेरवानी."

"मग माझ्या पलटणीचं ऐका," मी म्हटलं. "सव्वातीन वर्षांची. पण वर्दी अशी लिहून ठेवलीये की माईंनी आत्ता कापड आणलं तर शिवून देतील."

माई लगेच जवळ सरकल्या. शिवणाचा विषय निघाला की त्या ऐकतात.

पण आधी भांडण सांगायला हवं होतं, कारण पलटण भांडणातूनच निघाली. मी म्हटलं, सिन्नरच्या अलीकडे नांदूर शिंगोटे म्हणून गाव आहे.

"आहे की," शिडीवरून आवाज आला. "माझं गाव ते."

आम्ही तिघांनीही मान वर केली. पोरगा ब्रश डब्याच्या काठाला पुसत होता.

"मग तुला भागोजी नाईक माहीत असतील."

"लहानपणापासून. तुम्ही सांगा, मी ऐकतो. कुठं चुकलं तर सांगीन."

परीक्षक डोक्यावर बसलेला असताना गोष्ट सांगायची म्हणजे जपून बोलावं लागतं. तर भागोजी नाईक हा भिल्लांचा नाईक, आणि आधी नगरच्याच पोलिसात अंमलदार. १८५५ मध्ये दंगा केला, पोलिसांना अडवलं, या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वागणुकीचा जामीन द्यावा लागला. ते वर्षही सरलं. तेवढ्यात उत्तरेत बंडाळी पेटली आणि सरकारनं हत्यारं जमा करायचा हुकूम काढला. भिल्लाकडून हत्यार काढून घ्यायचं म्हणजे काय, ते भागोजीला कळत होतं. तो गाव सोडून निघाला, पन्नासेक माणसं त्याच्याभोवती गोळा झाली, आणि गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता ज्या जागेवरून हाताखाली येतो, तिथं ते बसले.

"हायवे अजून तिथूनच जातो," पोरगा म्हणाला. "पण बाई, गाव आमचं नाशिक जिल्ह्यात. नगरचा पोलीस तिथं कशाला?"

"तेव्हा नाशिक जिल्हा कुठं होता? १८६९ मध्ये झाला. तोवर तुमचं गाव नगरच्या खाती."

"बरोबर," आप्पा म्हणाले, "आत्ता जिल्ह्याचे तुकडे करायचं चाललंय ते काही नवीन नाही." जिल्हा विभाजनावर आप्पा घटकाभर बोलू शकतात. माईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते गप्प झाले.

ऑक्टोबर १८५७ मध्ये नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट, लेफ्टनंट हेन्री, शिपाई घेऊन नांदूरला आला. आधी त्यानं मामलेदारांकरवी निरोप धाडला की शरण ये. भागोजीनं उलट काय मागितलं असेल? राज्य नाही, जहागीर नाही. दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पुढच्या पोटापाण्याची सोय करा, म्हणजे येतो. हेन्रीनं ते ऐकलं आणि चालून गेला. त्या चकमकीत हेन्री पडला.

"दोन वर्षांचा पगार," माई म्हणाल्या. "एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही, माई," पोरगा वरून म्हणाला. "हत्यारं मागितली ना. बाई बोलल्या की."

हेन्रीच्या जागी कॅप्टन नटॉल आला. सरकारला आता भिल्लांपेक्षा जास्त धास्ती वाटत होती ती अकोल्याच्या डांगाणातल्या, म्हणजे डोंगराळ पट्ट्यातल्या, महादेव कोळ्यांची. ती धास्ती खोटी नव्हती. नऊ वर्षांपूर्वीच देवगावच्या राघोजी भांगरेला त्यांनी ठाण्याला फाशी दिली होती, २ मे १८४८ ला. राघोजी सापडला तोही पंढरपुरात, गोसाव्याच्या वेशात. त्याआधी त्यानं घाटावर आणि घाटाखाली सावकारांच्या वह्या आणि सरकारची झोप, दोन्ही उडवली होती. अशा लोकांनी भागोजीला हात दिला असता तर प्रवरेपासून पेठ-सुरगाण्यापर्यंतचा सगळा डोंगर पेटला असता. मग नटॉलनं काय करावं? डिसेंबर १८५७ मध्ये त्यानं याच कोळ्यांची भरती सुरू केली.

"चोराच्या हाती जामदारखाना," आप्पा म्हणाले.

"चोर कुणाला म्हणताय?" मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा, कारण माईंनी लगेच विचारलं, "मुख्य कोण होता मग?"

जावजी नाईक बांबळे. बांबळे कुळाचा नाईक. या नावाचा दबदबा शंभर वर्षं जुना. पेशवाईत एक जावजी बांबळे होऊन गेला, त्यानं पेशव्यांचे किल्ले घेऊन एवढा उच्छाद मांडला की शेवटी तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीनं नाना फडणविसांनी त्याला राजूरकडच्या साठ गावांची सुभेदारी देऊन टाकली. थोडक्यात, बंडवाल्याला कामावर घ्यायची युक्ती नटॉलची नव्हे. आपल्याकडे ती मुरलेली आहे, अजूनही निवडणुकीच्या तोंडावर दिसते.

"आणि दुसरा अंमलदार कोण नेमला असेल?" मी जरा थांबले. गप्पांत अशा ठिकाणी थांबायचं असतं. "फाशी दिलेल्या राघोजीचा सख्खा भाऊ."

शिडीवरचा ब्रश पुन्हा थांबला. आप्पांनीही कुंपणावरचा हात काढला.

"त्यानं घेतली नोकरी?"

"घेतली."

माई म्हणाल्या, "घरात भावाची बायको असेल, पोरं असतील. घेणारच." आणि क्षणभरानं, "तिनं काय म्हटलं असेल हो?"

याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, माईंसारख्यांच्या बोलण्यातच मिळालं तर मिळतं. मी वर्दीकडे वळले.

पहिल्यांदा शंभरेक माणसं उभी राहिली, ती आपापल्या तलवारी, आपापल्या बंदुका घेऊन. हे ऐकून आप्पांचा चेहरा बदलला. "म्हणजे शिलेदारीच की! घोड्यावाचून." पायदळाबद्दलची कीव तिथं थोडी उतरली. पुढे ही संख्या सहाशेपर्यंत गेली, कमांडंट आला, अॅडज्युटंट आला, आणि वर्दी आली. डोक्याला गडद हिरवी पिळाची पगडी. अंगात गडद हिरव्या कापडाची बंडी. कमरेला धोतर, पण पांढरं नाही. साकळलेल्या रक्ताच्या रंगाचं, गुडघ्यापर्यंत. चालायला वहाणा. पट्टे, पेट्या, सगळं काळ्या चामड्याचं. हातात हलकी बंदूक आणि तिला संगीन.

"हिरव्यावर रक्तासारखं लाल?" माईंनी नाक मुरडलं. "कुणी निवडलं हे? पण थांबा... नऊवारीला असा काठ असतो बघा, गडद हिरव्याला. वाईट नाही दिसायचं. धोतर गुडघ्यापर्यंत म्हणजे कापडही कमी."

"कापड कमी म्हणून नाही," आप्पा म्हणाले. आता त्यांचा धंदा निघाला होता. "हिरवा न् काळा पट्टा, हे रायफलवाल्यांचं लेणं. त्या वेळी कंपनीच्या पायदळाचा डगला लाल असायचा, वर छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली. मैलावरून दिसायचा. रायफलवाले मात्र विखरून, झाडाआडून लढणारे, म्हणून त्यांना गडद हिरवा, आणि चामडं काळं, चमकू नये म्हणून. राजपुताना रायफल्स बघा, गुरखे बघा, समारंभाची वर्दी आजही तीच. म्हणजे नटॉलनं तुमच्या कोळ्यांना साधं पायदळ समजून नाही कपडे दिले. रायफलवाले समजून दिले."

हे मला सुचलं नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण पट्टा काळा का, हा प्रश्न ज्यानं पट्टा घासलाय त्यालाच पडतो.

"आणि ते लाल धोतर?"

"डांगाणात माती कसली?"

"लाल. तांबडी, मुरमाड."

"मग झालं. रोज धुवायला कोण बसलंय. पण मला एक आवडलं," आप्पा म्हणाले, "त्याला विजार नाही चढवली. वरून साहेबाचं, खालून घरचं. विजार घालून कळसूबाई चढायला लावली असती तर पलटण आठवड्यात पळाली असती."

कळसूबाई म्हणजे आमचं महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, १,६४६ मीटर; तिच्या पायथ्याच्या माणसाला चढ शिकवायचा नसतो. इंग्रजांनी या लोकांच्या चालीचं जे वर्णन केलंय ते वाचून मला दरवेळी राजूरच्या बाजाराला डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन येणाऱ्या बाया दिसतात. स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणींसारखी उसळती, हलकी चाल, असं त्यांनी लिहिलंय. दिवसाला तीस-चाळीस मैल, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर, तेही कड्याकपारीतून आणि बंदूक, दारूगोळा, शिधा सगळं स्वतःच्या पाठीवर. तंबू नाही, बैल नाहीत, सामानाचा तांडा नाही. सगळा संसार एका झोळीत आणि एका हलक्या पिशवीत. जेवण टोळीटोळीनं, आणि चालताना भांडी आपसात वाटून घेतलेली.

"म्हणजे एकाच्या पाठीवर तवा, दुसऱ्याच्या पाठीवर पातेलं," माई म्हणाल्या. "तव्यावाला मागं राहिला तर सगळी टोळी उपाशी."

"म्हणून तर कुणी मागं राहत नव्हतं," आप्पा हसले.

वरून पोरगा म्हणाला, "पन्नास किलोमीटर. मी अग्निवीरच्या भरतीला गेलतो. सोळाशे मीटरच्या चौथ्या राउंडला छाती फुटायला आली."

"तुला पाठीवर तवा दिला असता तर पळाला असतास," माई म्हणाल्या.

आणखी एक तपशील मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. कितीही लांबची मजल असो, मुक्कामाला पोचल्यावर पाणी नाही, विडी नाही, आधी बंदूक पुसायची. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. रणगाड्याचं इंजिन बंद झालं की आधी नळी साफ, मग जेवण, हा नियम त्यांनी किती पोरांच्या डोक्यात घातला असेल. १९२४ मध्ये नगरला रॉयल टँक कोअरची शाळा आली, १९४८ मध्ये तिचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल झालं, तेव्हापासून या गावात हेच शिकवतात.

"किती दिवसांत तयार झाली ही माणसं?"

"तीन महिन्यांत मैदानात उतरली म्हणे."

"ते शिकवून होत नाही," ते म्हणाले. "ते घरून येतं."

लढायांचं मी थोडक्यात आवरलं, कारण शिडीवर कोण बसलंय हे मला ठाऊक होतं. समशेरपूरला एक चकमक झाली. पुढं बराच काळ भागोजी डोंगरात होता, नटॉल मागावर. जुलै १८५९ मध्ये संगमनेरजवळ आंभोऱ्याच्या दऱ्यात गाठ पडली. तिथं भागोजीचा मुलगा यशवंत पडला.

"कोळ्यांच्या हातून," पोरगा म्हणाला.

"नटॉल होता, कोळी पलटण होती."

"आणि नाईक मिठसागऱ्याला. ११ नोव्हेंबरला."

तारीख त्याला पाठ होती. तिथं कोळी पलटण नव्हती. तिथं नगरचा नवा पोलीस सुपरिंटेंडेंट फ्रँक सूटर होता. भागोजीला मारल्यावर सूटरची अशी चढती कमान झाली की १८६४ मध्ये तो मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत त्या खुर्चीत बसला.

पोरगा शिडीच्या दोन पायऱ्या खाली आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. "म्हणजे बाई, तुमच्या तालुक्यातल्या माणसांनी साहेबाचा हिरवा कोट घातला आणि आमच्या नाईकांच्या पोराला मारलं. आणि दोघांचीही जमीन सावकारानं खाल्लेली."

मी म्हटलं, हो. याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. आमच्याकडे राघोजीच्या नावानं जयंती होते, पुण्यतिथी होते, भाषणं होतात आणि झालीच पाहिजेत. पण त्याच्याच भावानं घातलेल्या वर्दीचा उल्लेख त्या व्यासपीठावर कुणी करत नाही. मला वाटतं, करायला हवा. एकाला फुलं आणि दुसऱ्याला काळोख असं करून घरातला हिशेब सुटत नाही. फासावर गेलेला भाऊ खरा आणि हिरव्या बंडीतला भाऊ खोटा, असं असतं तर गोष्ट सोपी होती. दोघंही देवगावचे, दोघांचीही ताटं एकाच चुलीपुढची.

"पण गद्दारी ती गद्दारी," आप्पा म्हणाले. सैनिकाच्या तोंडी हा शब्द पटकन येतो.

"कुणाशी?" माईंनी विचारलं. "पेशवे गेलेले. साहेब कुणाचाच नाही. शेजारच्या भिल्लांशी म्हणाल, तर त्यांनी तरी कोळ्यांचं कधी काय राखलं होतं? तुम्ही बाजीरावाच्या मुलखातून उभी राहिलेली हॉर्स आत्ता कौतुकानं सांगितलीत, तिला नाही म्हणालात गद्दार."

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ही हालचाल चांगली जमते.

"मला तर एवढंच दिसतंय," माई पुढे म्हणाल्या, "की तो भागोजी आधी पोलिसात होता, तो बंडखोर झाला. आणि हे बंडखोराचे भाऊबंद, ते पोलिसासारखे झाले. मधे काय आहे? एकाचा पगार थकला आणि दुसऱ्याचा चालू झाला."

मी इतकी वर्षं जे पुस्तकात वाचत होते, ते माईंनी गॅसवर कुकर ठेवून येता-येता सांगितलं. लेफ्टनंट हेन्रीनं दोन वर्षांच्या पगाराचा निरोप गांभीर्यानं घेतला असता तर कदाचित हेन्री वाचला असता, यशवंत वाचला असता, आणि कोळी पलटण उभीच राहिली नसती. आणि आम्ही आज कुंपणावर फक्त फाटकाच्या रंगावरून भांडलो असतो.

आप्पा मात्र अजून वर्दीपाशीच होते. "त्या वर्दीतलं काही शिल्लक आहे का कुठं? एखादी बंडी, पट्टा?"

"तुमच्या म्युझियमात नाही," मी म्हटलं.

"रणगाड्यांचं म्युझियम आहे ते. तिथं धोतर कसं ठेवतील?"

ते खरंच आहे. १९९४ मध्ये जनरल बी. सी. जोशींनी उद्घाटन केलेल्या त्या म्युझियमात जर्मन पँथर आहे, ब्रिटिश माटिल्डा नि चर्चिल आहेत, जपानी हा-गो आहे, पाकिस्तानकडून मिळवलेला पॅटन आहे. शाळेच्या सहली तिथं जातात, पोरं तोफेला लोंबकळून फोटो काढतात. जगातलं कुठलं कुठलं पोलाद नगरला येऊन उभं राहिलं, आणि नगर जिल्ह्याची स्वतःची पलटण कागदावरच्या चार ओळींत राहिली. त्या चार ओळी लिहिणाऱ्या साहेबाचे मात्र मी आभार मानते. रंग लिहिला त्यानं. लढाई जिंकली हे सगळेच लिहितात.

"आणि शेवट काय झाला पलटणीचा?" पोरानं विचारलं. तो आता पायरीवर बसून हात पुसत होता.

शेवट साधा झाला. भागोजी गेल्यावर दंगा थांबला. मे १८६० पर्यंत डोंगरातल्या चौक्यांवर खडं सैन्य होतं, ते काढून घेतलं आणि त्यांच्या जागी कोळी पलटणीचे लोक बसवले. त्यांनी जवळजवळ वर्षभर पहारा दिला. मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसात गेले. बाकीचे नागली-वरईच्या शेतावर आणि मजुरीवर, जिथून आले होते तिथं. सरकारनं त्यांचं कौतुक मात्र भरपूर केलं. जेमतेम सव्वातीन वर्षांत पाच वेळा खास आभार मानले.

"पाच वेळा!" आप्पा प्रभावित झाले. "पूर्ण रेजिमेंटांनाही नाही मिळत."

"आणि पेन्शन?" माईंनी विचारलं.

"आभार," मी म्हटलं.

"आणि जमीन-बिमीन?"

"आभार, माई. पाच वेळा."

माईंनी पदरानं कपाळ पुसलं. "हे बरं आहे. म्हणजे भागोजीला पगार दिला नाही म्हणून बंड झालं, आणि बंड मोडणाऱ्यांना घरी पाठवलं तेव्हा पुन्हा तेच. साहेब शिकला काय यातून?"

"हिरवा रंग चांगला दिसतो, हे शिकला," पोरगा म्हणाला.

आप्पा मोठ्यानं हसले, आणि हसता-हसता त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. काम झक्कास करतोस हो तू. मागच्या दिवाळीला ती मागली खोली रंगवलीस, अजून एक डाग नाही. खरंच, तुझे आभार मानायचे राहिले."

"ते मानू नका आप्पा," पोरगा म्हणाला. "त्याच खोलीची निम्मी मजुरी राहिलीये. तेवढी माईंकडून मिळाली तर बरं होईल."

माई एकदम वळल्या. "अगं बाई, कुकरची शिट्टी झाली वाटतं," म्हणत त्या आत गेल्या. शिट्टी मला काही ऐकू आली नाही, आणि पोराच्या चेहऱ्यावरून त्यालाही आलेली दिसत नव्हती. आप्पा खिसे चाचपत उभे राहिले.